गरिबी कोणी विचारली?

बल्लारपूरच्या स्टँडजवळ टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाई प्रत्येकाचा अर्ज आधी मोठ्यानं वाचतात. सारं दुकान ऐकतं. आरमोरीहून आलेल्या, आठवीत शाळा सोडलेल्या मी घाबरतच कारखान्यातल्या नोकरीसाठीचा माझा अर्ज दिला. "मी अत्यंत गरीब आहे," एवढं वाचून त्या थांबल्या.

"काऊन रे बाबू, गरिबी विचारली काय त्यायनं? असे अर्ज ढिगानं येतेत, कोण वाचते? तुले येते काय, ते सांग."

"भातगिरणीचे बेरिंग बदलवतो, बाई. पट्टा चढवतो."

"मंग हे लपवून काऊन ठेवलं?" त्यांनी तेच सगळ्यात वर टाईप केलं.

आठवड्यानं कारखान्याच्या फाटकावर साहेबांनी गर्दीला विचारलं, "तो बेरिंगवाला कोण?"

मी हात वर केला. शाळेत कधी इतका ताठ केला नव्हता.