दोघांनी नाकारलेली किडनी

म्हशींच्या व्यापारात मी एक रीत कधी मोडली नाही. एखादं गिऱ्हाईक म्हैस बघून माघारी फिरलं, की मी आधी त्या गिऱ्हाइकाला गाठतो, मालकाला नंतर. का सोडली, हे सोडणाराच खरं सांगतो.

त्या दुपारी डायलिसिसहून उंब्रजला घरी येऊन पडलो होतो, तोच सांगलीच्या डॉक्टरांचा फोन आला. मेंदू मृत झालेल्या एका माणसाची किडनी मिळत होती. माणूस साठीपुढचा, रक्तदाबाचा.

"जोखीम नेहमीपेक्षा जास्त आहे. तासाभरात कळवा."

"माझ्याआधी कुणाला विचारलं?"

"दोघांना. दोघंही नाही म्हणाले."

"का?"

डॉक्टरांनी नावं न घेता सांगितलं. एक जण तरुण होता, चांगल्या किडनीची वाट बघणं त्याला जमणार होतं. दुसरा तापानं फणफणला होता. म्हणजे दोघांची कारणं त्यांची स्वतःची होती.

"आणि मी थांबलो तर?"

"तुमच्या हाताच्या शिरा खराब होत चालल्यात. डायलिसिस किती दिवस नीट चालेल, सांगता येत नाही."

म्हैस घेताना आम्ही समोर धार काढायला लावतो. त्याच सवयीनं विचारलं, "त्या माणसाला लघवी किती होतीय?"

बायकोनं कपाळावर हात मारला. डॉक्टर हसले नाहीत.

"चांगली होतीय. आम्हीही ते बघतोच."

मग मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. ही किडनी बसवल्यावर कदाचित उशिरा चालू होईल, कमी वर्षं टिकेल.

"आवं, बाजारात हुबं हायसा व्हय? हो म्हणा की," बायको म्हणाली.

"नीट बघून घिऊ दे."

"धाकल्या भावजींची किडनी लय बघून ठेवली हुती. काय झालं तिचं?"

धाकट्या भावाचं सगळं जुळलं होतं. ऐनवेळी तो फिरला. त्याला दुकान मी घालून दिलेलं. फोन चालू आहे हे विसरून मी ओरडलो, "त्याचं नाव काढू नगंस! निरोगी हुती, पर माझ्या काय उपेगाची?"

बोललो, आणि माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. ही तरी मिळत होती. डॉक्टर पलीकडे थांबलेच होते.

"येतो," मी म्हणालो.

जीपमध्ये बायको म्हणाली, "ही बसवल्यावर राग कमी हुतो का, तेवढं इचारा डॉक्टरांना."

माझ्या डोक्यात दुसरंच होतं. कराड मागं पडलं तरी सुटेना. त्या माणसाच्या घरची, मला कधी न पाहिलेली माणसं, घरात नुकतं असं झालेलं असताना, 'घ्या किडनी' असं कशी म्हणाली असतील?