मशीन थांबलं की कविता पास

विद्यार्थी त्यांना ‘ऱ्हस्व सर’ म्हणत. एक तर उंची बेताची, त्यातून कुणाची वेलांटी चुकलेली दिसली की सरांचा पारा चढायचा. हे नाव कानावर आलं तेव्हा मात्र ते रागावले नाहीत. “ऱ्हस्वाला कमी लेखू नका,” ते वर्गात म्हणाले, “मात्रा एकच, पण ती हुकली की अख्खी ओळ लंगडते.” उभी हयात कॉलेजात छंद शिकवण्यात गेली. कवितांची चार पुस्तकं काढली, आणि छंदांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो प्रूफं तपासणाऱ्याखेरीज कुणी पुरा वाचला असेल तर शपथ! फावल्या वेळात सर जुने रेडिओ उघडून बसायचे. उघडलेला रेडिओ पुन्हा बोलला, असं फारसं घडलं नाही.

कविता पास-नापास करण्याचं खातं घरीच होतं. बायको खिडकीपाशी लोकांचे कपडे शिवायची. सर दारात उभे राहून नवी कविता वाचायचे. मशीन थांबलं, तर कविता पास. चालूच राहिलं, तर कागद तिथल्या तिथे फाडून चिंध्यांच्या टोपलीत. टीकाकारांना त्यांनी कधी भीक घातली नाही, पण त्या मशीनला वचकून असत.

निवृत्तीनंतर प्रकाशकांनी त्यांची समग्र कविता छापायला घेतली. शेवटी एक अप्रकाशित कविता हवी म्हणाले. सरांकडे ओळसुद्धा शिल्लक नव्हती. मध्यंतरीच्या आजारपणानंतर शब्द आसपास फिरकेनासेच झाले होते. पुस्तक जुन्यावरच संपलं म्हणजे आपणही संपलो, असं त्यांच्या मनानं घेतलं. एक दिवस ते बायकोला म्हणाले,

“अगं, तू नापास केलेल्यांतली एखादी तरी ठेवायला हवी होती.”

“मी? मी कधी नापास केल्या?”

“मशीन थांबवायची नाहीस ना.”

ती बघतच राहिली. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अहो, मशीन थांबायचं ते दोरा तुटला की! नाहीतर बॉबिन संपली की!”

सरांनी दचकून विचारलं, “आणि ती पुरस्कार मिळालेली?”

“तेव्हा सुई मोडली होती. आवडलेल्या कवितेला मी कशाला थांबू? तिच्या ठेक्यावर पाय असा पडायचा, की बाही कधी शिवून झाली ते कळायचं नाही.”

ती मशीनवर बसली, उशीचा अभ्रा सुईखाली सरकवला आणि पाय चालवत म्हणू लागली. ओळीमागून ओळ. सरांना आधी ओळखच पटेना. मग आठवलं, लेक झाली तेव्हाची ही कविता, वाचून होताच फाडलेली. एका ओळीत मात्रा कमी पडली. सरांनी तोंड उघडलं आणि मुकाट्यानं मिटलं.

“तुला पाठ आहे?”

“ही, आणि अशा कितीतरी. पाय चालले की आठवतात.”

इतकी वर्षं कुणीतरी आपल्याला इतक्या आवडीनं ऐकत होतं! सरांना भरून आलं. कृतज्ञता म्हणजे काय, हे या वयात कळावं, याचंही त्यांना हसू आलं. ते कागद घेऊन मशीनशेजारी बसले.

“सावकाश म्हण,” ते म्हणाले. “उतरवून घेतो.”

अर्पणपत्रिका आधीच छापायला गेली होती: ‘जिचं मशीन थांबलं, तिला.’ प्रूफं आली तेव्हा सरांनी त्यात स्वतःच्या हातानं एकच शब्द वाढवला. ‘जिचं मशीन थांबलं नाही, तिला.’