एका विटेएवढी पायरी

माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की घरच्यांचं काही खरं नसतं. गेल्या थंडीत शिरली ती अगदी हलकी रेल्वे. परदेशात कुठेकुठे तिच्या चाचण्या चालल्यात. डबा आपल्या बसएवढा, रूळ रस्ता फारसा न खोदता बसणारे, सगळं बॅटरीवर. आमच्या लालबागच्या रस्त्यावरून अशी गाडी परळ, दादर करत शीवला जाईल का? वळेल कशी? थांबेल कुठे? मी मोबाइलवर फोटो बघायची आणि बाबांना सांगत सुटायची.

बाबा ऐंशीच्या पुढचे. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. तरुणपणी ट्राममधून हिंडलेले. पण वर्षभरापूर्वी बसच्या पायरीवरून घसरले, आणि तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेच नव्हते. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला, पण हे ऐकतील तर शपथ! शीवला त्यांची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळलेली. ती रोज फोनवर विचारायची, "कधी येतलंस रे?" हे म्हणायचे, "बघूया." मला इतका राग यायचा त्या 'बघूया'चा!

एका रविवारी सकाळी मी चाळीच्या अंगणात खडूने तो डबा काढला, टेप लावून, खऱ्या मापाचा. बघता बघता अर्धी चाळ त्यात उभी. मंडळाच्या कार्यकर्त्यांचा पहिला प्रश्न, "वर तारा आहेत का? बाप्पा कुठून जाणार?"

"तारा नाहीत, बॅटरी आहे."

"मग मंजूर!" जसं काही टेंडर यांच्याच खिशात. मग कुणीतरी विचारलं, मूर्तीच्या ट्रॉलीचं चाक रुळात अडकलं तर? त्यावरून वादच जुंपला.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून बाबांचा आवाज आला. "पायरी किती उंच गो तिची?"

मी दाराच्या जागी एक वीट ठेवली. "एवढीच!"

"काय तरी सांगू नको."

"मग या आणि बघा!" मी चिडूनच ओरडले आणि पुन्हा चाकाच्या वादात घुसले.

बऱ्याच वेळाने गलका एकदम थांबला, म्हणून वळून पाहिलं. बाबा अंगणात उभे. लेंगा, बनियन, हातात काठी, घामाघूम. त्यांनी विटेवर पाय ठेवला, भार टाकला, आत आले. उतरले. परत चढले.

"खरंच गो," म्हणाले. "एवढीच."

एक वीट चढता येते का ते बघायला हा माणूस दोन मजले उतरून आला होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. मला हसू आलं आणि मग रडूच फुटलं.

"बाबा, तुम्ही खाली आलात."

त्यांनी जिन्याकडे बघितलं. मग विचारलं, "ही गाडी कधी येणार?"

"येईल की नाही तेच माहीत नाही."

"मग टॅक्सी बघ," ते म्हणाले. "आणि वरून माझा सदरा घेऊन ये. आक्का वाट बघता."