मामाची एचडी डीव्हीडी

लिहिणाऱ्या माणसांत मी बसत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला; लिहिलं ते परीक्षेपुरतं. तरी लिहायला बसलोय, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझा मामा ताडकळसला लग्नाची शूटिंग करायचा. परभणीचे स्टुडिओवाले एचडी, एचडी म्हणत आसपासच्या गावांतली लग्नं उचलायला लागले, तसा मामाचा हंगाम रिकामा जायला लागला. कसाबसा त्यानं नवा कॅमेरा घेतला. पण त्यातलं चित्र जुन्या डीव्हीडीवर जसंच्या तसं उतरत नव्हतं. नव्या चकत्या तेव्हा दोन तऱ्हेच्या निघाल्या होत्या, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकीच्या यंत्रावर दुसरी चालत नसे. आखातात नोकरीला असलेला मामाचा मित्र सुट्टीवर येताना एक संच आणणार होता. कोणता, ते फोनवर कळवायचं होतं.

"तू कॉलेजात हायस, इचारून सांग," मामा म्हणाला.

मी दोन सरांना विचारलं. एक म्हणाले, थांबा. दुसऱ्यांनी माझ्या हजेरीचा विषय काढला. नेट कॅफेत वाचलं, तर दोन्हीकडचे लोक आपलंच चित्र स्वच्छ म्हणून भांडत होते. मला ठरवता येत नाही, असं मी मामाला सांगितलं. मग त्यानंच ठरवलं. डीव्हीडी हा शब्द लोकांच्या तोंडात आहे, ब्लू-रे म्हटलं की प्रत्येकाला समजावत बसावं लागेल, असं त्याचं म्हणणं.

संच आला. प्लेअर, कॉम्प्युटरला जोडायचा रायटर आणि थोड्या कोऱ्या चकत्या. लग्नाच्या चकतीसोबत प्लेअरही आठवडाभर गिऱ्हाइकाच्या घरी ठेवायचा, असा मामाचा बेत होता. पालमच्या एका गुरुजींनी मुलाच्या लग्नाचं काम तेवढ्यावरच दिलं. त्या हंगामातलं मोठं काम तेच.

आधी घरी बघू म्हणून मामानं गावातलं एक लग्न साध्या डीव्हीडीवर आणि नव्या चकतीवर, दोन्हींवर उतरवलं. टीव्ही जुनाच, फुगीर काचेचा. लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी जोडल्या. त्या वायरींतून आणि त्या टीव्हीवर नवं चित्रही जुन्यासारखंच दिसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दोन्ही बघून झाल्यावर मामानं घरातल्या सगळ्यांना विचारलं, कोणती चांगली.

"माझा आहेर कुठं गेला?" मावशी म्हणाली. "पुकारलेला तर ऐकू यायलाय."

"आहेर दिसंना, पण पंगतीत दोनदा दिसायलाव तुमी," मामी म्हणाली.

सगळे हसले. मामानं नवी चकती पुन्हा लावली. "नवरीच्या शालूची जर बघा. चमकायलीय का न्हाई?"

"चमकायलीय की. मगाशी बी चमकत होती," मामी म्हणाली.

मग तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "मला बी फरक कळंना, मामा."

तो वायरी काढून गुंडाळत बसला. गुरुजींकडं नवा चपटा टीव्ही आहे, तिथं दिसेल, असं नंतर जेवताना म्हणाला.

पालमचं लग्न झालं. ते उतरवताना कोऱ्या चकत्या बिघडत गेल्या आणि संपल्या. त्या शोधायचं काम माझ्याकडं आलं. कॉलेज सुटलं की मी परभणीतली दुकानं फिरायचो. दुकानदार साधी डीव्हीडी पुढं करायचे. कुणी पुढच्या आठवड्यात या म्हणायचे. गुरुजी मामाला फोन करायचे, मामा मला. पाय दुखायचे, आणि मामाला रोज तेच उत्तर देऊन त्याहून जास्त थकायला व्हायचं.

शेवटी एका दुकानदारानं माझी सगळी हकीकत ऐकून माझ्यासमोरच हैदराबादच्या आपल्या व्यापाऱ्याला फोन लावला. बराच वेळ नुसतं हो, हो करत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "ती एचडी डीव्हीडी काढणाऱ्यांनी कवाच हात टेकले. आता बनवतच न्हाईत. ब्लू-रे तेवढी राहिली. तुमच्या मामाला सांगा, गुरुजींना साधीच डीव्हीडी द्या म्हणावं."