तळ्यात तिघं

सासूला "तुम्हीपण चला ना" म्हटलं, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत महागातली चूक. आमच्याकडे बाहेर पडताना वडीलधाऱ्यांना असं विचारायचं असतं, आणि वडीलधाऱ्यांनी "तुम्ही जाऊन या गो" म्हणायचं असतं. दोन्ही बाजूंना पाठ असलेला खेळ. त्या दिवशी तिने तो मोडला. मी विचारलं, आणि ती छत्री घेऊन उंबऱ्यात हजर.

मी तेव्हा अडतिशीतली, दोन मुलांची आई, अक्कल मात्र सोळा वर्षांच्या पोरीची. केसांत सुरंगीचा वळेसर माळला होता. कशाला, तर नवऱ्याबरोबर डिचोलीजवळच्या तळ्यात बोटीतून फिरायला. इतक्या वर्षांच्या संसारात दोघंच असे आम्ही कुठे गेलोच नव्हतो. सुर्ल्याकडच्या खाणी बंद पडल्या, त्याचा ट्रक दारात उभा राहिला, चाकांभोवती गवत वाढलं, आणि आता तो आखातात चालला होता. दुसऱ्या दिवशी विमान. मला त्याला एवढंच सांगायचं होतं: "जाऊ नका. ट्रक विकूया. इब्रामपूरला माझ्या वडिलांची काजूची बाग पडून आहे, ती करू." नारळ खवताना मी ते घोकून ठेवलं होतं. घरात बोलायची सोय नव्हती. आमच्या घरात भिंतींपेक्षा कान जास्त.

बोटवाल्याने तिघांना लाइफ जॅकेटं घातली आणि म्हणाला, "आजीला मधे बसवा, तोल बरा राहील."

बसली मधे. बोट काठाकाठाने निघाली. माडांच्या सावल्यांतून जाताना नवरा म्हणाला, "इतक्या जवळ राहून कधी आलो नाही." मला म्हणाला की आईला, ते कळलं नाही.

सासरचं मूळ सिंधुदुर्गातलं, सासू मालवणीच बोलायची. तिने विचारलं, "थंय उकडे तांदूळ गावतत रे?"

"गावतत."

"आणि सुको बांगडो?"

"तोपण."

म्हातारीला बांगड्याची चिंता, मी मनात म्हटलं, आणि माझा संसार चाललाय समुद्रापार.

पलीकडच्या काठाशी झाडी पाण्यावर वाकली होती. तिथे बोटवाल्याने मशीन बंद केलं. एकदम शांत. सासू गप्प, नवरा पाण्यात बोटं बुडवून बसलेला. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हटलं, "उंडा देऊ? भाजी आहे बटाट्याची."

त्याने दोन उंडे खाल्ले. काय बाई होते मी. अख्खा आठवडा घोकून शेवटी पाव वाढला.

तो गेला. अजून तिथेच आहे. दोन वर्षांनी महिनाभर येतो, आणि स्वतःच्या घरात टॉवेल कुठे असतो ते मला विचारतो. नात त्याला फोनवाले आजोबा म्हणते. समोर आला की माझ्या पदराआड लपते. काजूची बाग भावाने विकली. सासूही आता नाही, नाहीतर हे लिहायची माझी छाती झाली नसती.

त्याला विमानतळावर सोडून आलो त्या दुपारी ती पायरीवर बसली होती. मी चहाचा कप तिच्यापुढे जरा आपटूनच ठेवला आणि म्हटलं, "काल तुम्ही आला नसता, तर मी त्यांना थांबवलं असतं."

तिने कपाला हात लावला नाही. ट्रककडे बघत म्हणाली, "मी तरी कित्याक इललंय? तेका जाव नको म्हणान सांगूकच. पण बायल बाजूक बसलेली असताना आवशीन कित्याक तोंड घालूचा, म्हणान गप रवलंय. माका वाटला, तू सांगतलंस."