हर्षाची बोटं

बस सुशीला. खाली कायले बसतं, इथं खाटेवर बस, माझ्या उजव्या अंगाले. डावीकडं मान फिरवाले मले दम लागते. वेणी मंग घालजो. आधी आयक.

गावात काय बोलून राहिले ते मले माहीत आहे. आनंदाबाईची सून लकव्याच्या सासूले खाटेवर टाकून इटलीले पळाली, बाप्पा बाप्पा, काय जमाना आला! तू पण बोलली असशीन हापशीवर. खोटं नोको बोलू, तुझं तोंड मले माहीत आहे. बोलली तर बोलली. पण हर्षाले शिव्या द्याचा हक्क माझा होता, अन् मीच आता देत नाही. काहून देत नाही, ते सांगते. बाहेर सांगशीन तर सांग. माझं आता कोण काय करते?

पवनीची पोरगी. बारावी पास. आपल्या विनोदले केली तेव्हा मी म्हटलं, शिकलेली आहे, नखरे करन. पण नाही. पहिल्याच वर्षी धानाच्या रोवण्याले बांधीत उतरली ते अशी, का माझ्या दोन ओळी होत तं तिच्या तीन. मले रागही आला अन् बरंही वाटलं. चिखलात राहून राहून तिच्या टाचा फुटल्या. मी आपल्या घरची दवा काढली. बिब्बा सुईत टोचला, दिव्यावर धरला, तेल ठिपकलं ते टाचेच्या भेगांत भरलं. आमच्या घरात सगळ्यायचे पाय त्यानंच बरे झाले. तिच्या अंगावर मात्र बिब्बा उतला. पाय भोपळ्यावानी फुगला, फोड आले, कातडी निघाली, पंधरा दिवस जमिनीवर पाय टेकवता नाही आला बिचारीले. तेव्हा मी भ्याली होती, सुशीला. तेव्हा खरंच दवा म्हणूनच लावलं होतं. एवढं ध्यानात ठेव.

मंग रुचिका झाली. तीन-चार वर्षं बरी गेली. अन् एक दिवस तिच्या फोनमध्ये ते डिंपल आली. पवनीची तिच्या वर्गातली पोरगी, इटलीत एका बुढीची सेवा करते. व्हिडिओ कॉलवर चकचकीत स्वयंपाकघर दाखवे, अन् आपले हात दाखवे. असे गोरेपान, मऊ, जसे का कधी शेण नाही उचललं. हर्षा त्या हातायकडं पाहत राहे. मी पाहिलं तवाच समजलं, ही पोरगी आता घरात राहत नाही.

विनोदचं तं तुले माहीत आहे. राईस मिलमध्ये मशीन चालवते, घरी आला का आईच्या हो ले हो अन् बायकोच्या हो ले हो. हर्षा म्हणे, रुचिकाले चांगल्या शाळेत टाकाचं आहे. हा म्हणे, हो. मी म्हटलं, म्हाताऱ्यायचं हगणंमुतणं काढाले विमानात बसून जाचं का? हा म्हणे, तेही बरोबर आहे.

नागपूरले सहा महिन्यायचा कोर्स केला तिनं. सोमवारी साकोलीहून एस्टी धरे, शनिवारी वापस. पेशंट कसा उचलाचा, कुशीवर कसा वळवाचा, घास कसा भरवाचा, अन् संगमंग त्या देशाची बोली. परीक्षेत एकदा फेल झाली, रडली, परत बसली. पासपोर्टले लग्नाचा दाखला मागितला. आपल्या इथं कोण करते लग्नाची नोंद? ग्रामपंचायतीत चार चकरा, साक्षीदार, फोटो. पोलीसवाला चौकशीले घरी आला, म्हणे, नवरा असताना हे बाई कायले चालली? मी म्हटलं, साहेब, मलेही तेच इचारा लागते. हर्षा चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं कप त्याच्यापुढं ठेवला.

सगळ्यात मोठं लफडं बोटायचं निघालं. राशनच्या दुकानात तिचा अंगठा कधी लागलाच नाही, नेहमी विनोद जाय. चिखल, राख, निरमा, बोटावर रेघा कायच्या राहतात? पासपोर्टवाल्यायनं कसंतरी घेतलं. पण कोर्सच्या मॅडमनं सांगितलं, व्हिसाच्या मशीनवर दहाही बोटं उठली पाहिजेत, नाही उठली तं कागद पुढं सरकत नाही. दोन महिने पाण्यात हात नको, चिखलात नको, राखेत नको. रोज तेल लावाचं. कामाचं पत्र आलं होतं, ते सहाच महिने चाले. मुंबईची तारीख भेटली पोळ्याच्या आधीची. त्याच्यानंतर दुसरी तारीख भेटेपर्यंत पत्र मरून जाय. म्हणजे एकच डाव होता तिच्याजवळ.

अन् दोन महिने कोणते? ऐन रोवण्याचे!

त्या वर्षी मी उतरली बांधीत. या वयात. सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडे, अन् घरी येऊन पाहावं तं महाराणी ओसरीवर, बोटं तेलात बुडवून, तोंडानं काही-काही पाठ करून राहिली. भांडेही मी घासो. बाया म्हणत, आनंदाबाई, सून बाळंत झाली का परत? हसत फिदीफिदी. त्यात तूही होती, सुशीला. तेल कोण काढे? मीच. मोहाच्या बियांचं, घरी गरम केलेलं. तिच्या बोटावर रेघा उठून राहिल्या होत्या. उन्हात धरून रुचिकाले दाखवे, पाह्य, आईची बोटं उगवली. पोरगी टाळ्या वाजवे.

तरी मी गप होती. तुझ्या गळ्याची शप्पत, गप होती. मंग एक दिवस दुपारी हर्षा डिंपलशी बोलून राहिली होती अन् मी माजघरात तांदूळ निवडत होती. ते म्हणे, दोन वर्षं झाले का विनोदले बोलावून घेईन, रुचिकालेही. तिकडून डिंपलनं इचारलं, अन् सासू? हर्षा म्हणे, त्यायचं काय, त्यायचं घर आहे न इथं.

एवढंच बोलली. वाकडं नाही बोलली, रागानं नाही बोलली. जसं बकरीचं बोलावं तसं. सुशीला, नवऱ्याले जाऊन बारा वर्षं झाली. एकच पोरगा, एकच नात. मी इथं चार भिंतींत कोणाचं तोंड पाहू? मरून पडली तं वासानं शेजारी येतील, तेव्हा समजन.

सोमवारी दुपारच्या गाडीनं हर्षा मुंबईले जाची होती, विदर्भ एक्स्प्रेसनं, भंडारा रोडवरून. सकाळी ते रुचिकाले शाळेत सोडाले गेली. मी चुलीपाशी बसली. डब्यात बिब्बे होतेच. सुईत एक टोचला, दिव्यावर धरला. मंग दुसरा. मंग तिसरा. ठिपके तिच्या तेलाच्या डबीत पडू दिले. तेल काळपट झालं तं वरून हळद टाकली, काडीनं ढवळलं. हात नाही थरथरला माझा. थरथरला असता तं आज सांगाले बरं वाटलं असतं.

ते आली तेव्हा मी म्हटलं, ताजं तेल केलं, हळद टाकली, गाडीत लावत जा. तिनं माझे पाय धरले, अन् डोळ्यात पाणी आलं तिच्या. म्हणे, आई, तुम्ही मनातून नाही म्हणता हे मले माहीत होतं, तरी केलं. मी म्हटलं, जा, गाडी सुटन.

बुधवारची तारीख होती. मंगळवारी सकाळीच बोटं लाल झाली, बुधवारी दहाही बोटायले पाण्याचे फोड. मशीनवर ठेवली तं फोड फुटले, काचेवर पाणी आलं. तिथली पोरगी मागं सरकली म्हणे. रुमालानं काच पुसली अन् म्हणाली, बरे झाल्यावर या. हर्षानं तिले पत्र दाखवलं, तारीख दाखवली. ते म्हणाली, माझ्या हातात काही नाही. हे सगळं विनोदनं मले सांगितलं, संग गेला होता तो. हर्षा तं आली, फडक्यात बांधलेले हात घेऊन कोपऱ्यात बसली. रुचिका म्हणे, आई, बोटं दाखव न. विनोदनं मले इचारलं, आई, तेलात काही होतं का? मी म्हटलं, मुंबईचं पाणी लागलं असन. तो म्हणे, हो, असू शकते.

गणपतीत पत्र मेलं. ते परत बांधीत उतरली, निंदाले. मी पोटभर जेवली अन् मस्त झोपली. लपवत नाही तुझ्यापाशी. जिंकली असं वाटे.

अन् दिवाळीनंतर, धान कापताना, माझा डावा हात धानाच्या मुठीवरून घसरला तो घसरलाच. भंडाऱ्याच्या दवाखान्यात बारा दिवस. डॉक्टर म्हणे, तोंड वाचलं हे नशीब, डावं अंग नाही येत वापस. घरी आणली तेव्हा मी देवाले म्हटलं, उचल. कारण आता कोणाच्या हाती पडली, हे मले समजत होतं.

पण तिनं काय केलं? काही वाईट नाही केलं. दर दोन घंट्यांनी कुशीवर वळवे. घास मऊ करून भरवे, मान किती उचलाची, पाणी केव्हा द्याचं, सगळं कोर्समध्ये शिकवलं तसं. एक फोड नाही पाठीवर. दवाखान्यातली नर्स पाहून म्हणे, असं तं आमच्याकडंही नाही होत. फक्त दोन गोष्टी. एक, ते हातमोजे घालून येई, पांढरे, रबराचे. वर्षभर तिचा उघडा हात मले लागला नाही. ताप पाहाचा तरी मोजा घालून. अन् दुसरी, तिनं मले आई म्हणणं सोडलं. सिन्योरा म्हणे. सिन्योरा, आता डाव्या कुशीवर. सिन्योरा, तोंड उघडा. मले वाटे शिवी देते. रुचिकानं सांगितलं, आजी, तिकडं बुढीले असं म्हणतात, आई प्रॅक्टिस करून राहिली.

प्रॅक्टिस! विनोद फोन धरून उभा राहे, अन् ते माझं लुगडं बदलवताना, माझी पाठ पुसताना तिकडच्या बोलीत बोलत जाय. मी रडली का ते थांबे, कापसानं डोळे पुसे, अन् विनोदले म्हणे, पहिल्यापासून घ्या. ते व्हिडिओ नागपूरच्या मॅडमले जाय. तिथून पुढं इटलीले. आता त्यायले अनुभव असलेली बाई पाहिजे होती, लकव्याच्या पेशंटचा एक वर्षाचा. डॉक्टरनं चिठ्ठी दिली. पेशंटचा अंगठाही लागे.

कागद घेऊन आली तं मी मूठ आवळली. उजवा हात माझा चांगला आहे, तुले माहीत आहे. म्हटलं, नाही देत. तिनं विनोदले म्हटलं, दुकानातून साबण आणून द्या जी. तो गेला. मंग ते बसली, अन् एकेक बोट उघडत गेली. जोर नाही, ओरडणं नाही.

मी म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"गाडीत बोटं जळाले लागली तेव्हा हुंगून पाहिली. बिब्ब्याचा वास मी पहिल्या वर्षीपासून ओळखते."

"मंग विनोदले काहून नाही सांगितलं?"

"सांगणार होती. दिवाळीनंतर सांगून वेगळं निघाचं ठरवलं होतं. तितक्यात तुम्ही पडल्या." तिनं माझा अंगठा शाईवर ठेवला. "पडल्या तशा कामाच्या झाल्या."

कागदावर अंगठा दाबला. सुशीला, काय ठसा उठला! एकेक रेघ साफ. जन्मात माझा अंगठा असा उठला नव्हता. वर्षभर कामाले हात नाही लागला न. तिनं कागद उजेडात धरून पाहिला, फुंकर मारली, अन् म्हणे, ग्रात्सिए, सिन्योरा. आभार मानले म्हणे माझे.

यावेळी मुंबईले गेली तं तेल दुकानातून बंद बाटलीतलं नेलं. दहाही बोटं पहिल्याच झटक्यात लागली.

चार दिवस झाले जाऊन. भिंतीवर कागद लावून गेली आहे, किती वाजता कोणत्या कुशीवर. विनोद वाचते अन् विसरते. काल सकाळपासून मी याच कुशीवर आहे, पाठीले आग आग होऊन राहिली. आता तिथं कोण्या बुढीले ते बरोबर वेळेवर वळवत असन. दोन वर्षांनी विनोद जाईन, रुचिका जाईन. तो आताच पासपोर्टचं बोलून राहिला. मी म्हटलं, अन् मी? तो म्हणे, तुझं घर आहे न आई इथं.

निघाच्या वेळी अंगण भरलं होतं, तूही होती दाराशी. सगळ्यायच्या पुढं ते आली, हातमोजे काढून खिडकीत ठेवले. तुम्ही बाया म्हणाल्या, पाहा, सून कशी पाया पडते. मी डोळे भरून पाहिलं, उघडी बोटं, एकेकावर रेघा, डिंपलसारखी मऊ. ते वाकली अन् माझ्या डाव्या पायावर ठेवली. फक्त डाव्या, लकव्याच्या. मले काही समजलं नाही, सुशीला. गरम होती का थंड, तेही नाही. विनोद म्हणे, आई, आशीर्वाद दे न, केव्हाची वाकून आहे. मी दिला.