इकडं चारशे पंधरा, तिकडं बी चारशे पंधरा

कुंडलच्या स्टँडवर आण्णांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून भलतंच सांगितलं. "मोटार उगा खोलत बसायची न्हाई. आधी भाईरनं मोजायचं." माझे वडील गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचे, लेकीला निरोप देतानाही त्यांना मोटारच सुचणार. मी रडत होते आणि हसूही येत होतं.

पुण्याच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला. डावीकडं दोन तारा, उजवीकडं दोन. आत काय आहे ते विसरा म्हणाले. दोन्ही टोकांना व्होल्टेज आणि करंट मोजा, चार आकडे काढा, सर्किट कसं वागणार ते कळेल. वर्ग वहीत उतरवत होता, मला मात्र आण्णांचं दुकान दिसत होतं. आज म्युनिकमध्ये याच चौकोनांवर माझं पोट चालतं. अँप्लिफायर असो की फिल्टर, माझ्या मॉडेलमध्ये तो नुसता एक डबा.

तुम्हीही गाव सोडलं असेल तर ठाऊक असेल, पुढंपुढं घराचंही असंच होतं. रविवारी फोन लावायचा, "कसं हाय?" विचारायचं, "बरं हाय" ऐकायचं आणि ठेवायचा. आण्णांनी मोटारी भरणं सोडलं तेव्हा म्हणाले, "आता मन लागत न्हाई." मी लगेच मानलं. एवढी शिकलेली मी, पण अक्कल गहाण टाकली होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटार सारखी बंद पडायला लागली. स्टार्टर घराजवळ, विहीर लांब, मधे तीनेकशे मीटर केबल. मी इथून शहाणपणा केला: मोटार चालू ठेवून केबलच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. तासाभरानं आण्णांचा फोन आला. "इकडं चारशे पंधरा. तिकडं बी चारशे पंधरा."

मला आधी हसूच आलं. एवढ्या लांब केबलीत व्होल्टेज थोडं तरी पडतंच, हे मला आण्णांनीच शिकवलेलं. मग लक्षात आलं. ते मीटर वाचत नव्हते. मोटारीच्या पाटीवरचा तोंडपाठ आकडा सांगत होते.

"आण्णा, मीटर दिसतंय का तुमास्नी?"

 "न्हाई गं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पोरगी काम टाकून येईल म्हणून आईलाही न सांगण्याची शपथ घातली होती. आणि अशा माणसाला मी जिवंत तारांपाशी धाडलं! आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मिळालं त्या विमानानं निघाले.

सांगलीत ऑपरेशन झालं. एका डोळ्याची पट्टी निघाली तशी आण्णांनी मला नीट न्याहाळलं. व्हिडिओवर इतके रविवार बोललो, पण मी कशी दिसते यावर ते अवाक्षर बोलले नव्हते. आता म्हणाले, "लय वाळलीयास गं. तिकडं बरं न्हाई का?"

मीही दर रविवारी "बरं हाय"च सांगत आले होते. एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून ब्रेडवर काढलेल्या रात्री मी कधी कळवल्या नव्हत्या. त्या खाटेच्या कडेला बसून म्हटलं, "न्हाई आण्णा. करमत न्हाई." आणि हुंदका फुटला.

मी म्युनिकला परत आले, नोकरीही तीच आहे. घर इथं की तिथं, ते विचारू नका. जिथं आपलं दुखणं लपवायचं नाही, तेवढं घर मला पुरतं. परवा फोनवर आण्णा म्हणाले, "गुडगा लय दुखतुया." इतकं बरं वाटलं मला!